पाटावरचे पंच

आमच्या घरात आषाढापासून दुर्वाशिवाय कुणी कुणाशी बोलत नाही, आणि दुर्वा अकरा महिन्यांची आहे.

"दुर्वे, तुझ्या आईला सांग, आमटीत मीठ नाही."

"दुर्वा, आजोबांना म्हणावं, मीठ समोरच्या बरणीत आहे."

दुर्वा दोघांकडे आळीपाळीनं बघते आणि खालचे दोन दात दाखवून हसते. तिला वाटतं, आपल्याशीच खेळतायत.

नवरा जहाजावर असतो, सहा महिन्यांनी येतो. घरात आम्ही तिघंच. सासरे, दत्ताराम खेतले, कातळसड्यावरच्या आमच्या कारखान्यात एकतीस वर्षं नायट्रेशनचे, म्हणजे नायट्रिक आम्लाच्या प्रक्रियेचे, ऑपरेटर. मी त्याच कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. ते ज्या तीन नंबरच्या रिॲक्टरवर उभे असतात, त्याचे तापमापक माझ्या ताब्यात. म्हणजे होते, पंच येईपर्यंत.

अशा जागी तापमान मोजणं हे ताप बघण्याइतकं सोपं नसतं. रिॲक्टरच्या पोटात एका टोकाला बंद असलेली पोलादी नळी सोडलेली असते. तिला थर्मोवेल म्हणतात. आतल्या आम्लाशी नळी भांडते, तापमापक तिच्या आत सुखरूप बसतो. त्याच्या टोकाला प्लॅटिनमची केसासारखी तार. शून्य अंशाला या तारेचा विजेला होणारा विरोध शंभर ओहम, आणि पुढे दर अंशाला एक तृतीयांश ओहमपेक्षा थोडा जास्त वाढत जातो. तो विरोध मोजायचा आणि त्याचे अंश करायचे, एवढंच काम. पण मोजायला वीज लागते, आणि आमच्याकडे हवेतच कायम पेटण्याची तयारी असते. म्हणून तिथल्या तापमापकाला उपाशी ठेवतात. त्याला वीज इतकी मोजून मापून देतात की तार तुटली, टोकं एकमेकांवर घासली, तरी होणारी ठिणगी वाफ पेटवण्याइतकी दमदार होऊ नये. आमचे मोबाइल गेटवर ठेवून घेतात ते यासाठीच. ते पोटभर जेवलेले असतात.

चार वर्षांपूर्वी पंच आले. बॅटरीवर चालणारे, बिनतारी, तेही उपाशीच, पण आपसांत बोलणारे. दर रिॲक्टरला तीन. तिघं आपापला आकडा सांगतात. दोघांचा जुळला की तो खरा आणि तिसरा स्वतःला दुरुस्त करून घेतो. माणसानं आकड्याला हात लावायचा नाही. माणसाला संशय आला तर त्यानं 'शंका' नोंदवायची. शंका खोटी ठरली तर त्याच्या कार्डावर चढते. तिसऱ्या खोट्या शंकेला कार्ड बंद. फक्त आमच्या गेटवर नाही, राज्यातल्या सगळ्या रासायनिक वसाहतींच्या गेटवर.

शंका खरी की खोटी, हे तपासायचं काम माझं. आषाढात बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, शंका नोंदवली: 'तीन नंबर सांगतो त्याहून गरम वाटतो.' मी वर गेले, तिन्ही पंच तपासले, तिघांचं एकमत होतं. मी 'निराधार' असं लिहिलं. खरंच निराधार होती. ती त्यांची दुसरी. त्या दिवशी घरी त्यांनी माझ्या हातचा चहा न पिता बेसिनमध्ये ओतला, आणि दुर्वाला म्हणाले, "तुझी आई मोठी साहेब झाली गो."

माझ्या स्वतःच्याही दोन झाल्या होत्या. बाळंतपणाची रजा संपवून आल्यावरच्या पहिल्याच महिन्यात. तेव्हा सगळे म्हणाले, झोप होत नाही बिचारीची.

नवमीला मी रजेवर होते, दुर्वाला लस टोचायची होती. दसऱ्याला सकाळी तिला पाळणाघरात सोडलं. आमचं पाळणाघर साऱ्या वसाहतीचं मिळून आहे. कुणाची कुरकुर नको म्हणून सगळ्या कारखान्यांपासून सारख्या अंतरावर, बरोबर मधोमध बांधलंय. म्हणजे कुठेही काही झालं तरी आमची मुलं सगळ्यात जवळ. साठ मुलं. दाराला झेंडूचं तोरण होतं. दुर्वानं मान वळवून त्यातलं एक फूल तोंडात घालायचा प्रयत्न केला. मावशींनी हसत तिला उचलून घेतलं.

दसऱ्याला वसाहतीत सगळेच नव्यानं बॅच सुरू करतात. आदल्या दिवशी यंत्रांची पूजा, सगळं बंद. दसऱ्याला सहा दहाच्या मुहूर्तावर पहिली बॅच. एवढं अजून कुठल्याही साहेबाला मोडता आलेलं नाही.

साडेनऊला मी नोंदी चाळत होते. सवयीनं. तीन नंबरच्या पानावर ही ओळ दिसली:

'७:१०. तीन-अ: ५१. बहुमत: ४२. तीन-अने दुरुस्ती स्वीकारली.'

पंच अर्ध्या-पाऊण अंशाची दुरुस्ती करतात. नऊ अंशांची कधीच नाही. मी मागे गेले. तीन-ब आणि तीन-क, दोघांच्या नावावर काल सकाळी दहा चाळीसला दुरुस्ती: उणे नऊ. दोघांची एकाच मिनिटाला.

एवढी दुरुस्ती फक्त लॅबमध्ये होते, आणि काल लॅब बंद होती. काल दहा चाळीसला तर आरती चालली असणार.

मी सबनीसांना फोन लावला. सबनीस आमचे प्लांट मॅनेजर. पंचांवर त्यांचा जेवढा जीव तेवढा बायकोवरही नसेल.

"सर, तीन नंबरचं आम्ल थांबवा. तापमान चुकीचं दिसतंय."

"स्क्रीनवर काय आहे?"

"बेचाळीस."

"तिघांचं?"

"तिघांचं."

"मग चौथी तू कोण गं?" पलीकडे कुणीतरी हसलं. "प्रणिता, सण आहे. रात्री पोरीनं झोपू दिलं नसेल. कॉफी घे."

"सर, फक्त एक पंच बाहेर काढू द्या. वाटीभर बर्फात धरते. बर्फात शून्य दाखवला तर मी मुकाट्यानं—"

"चालू बॅचमध्ये पंच काढायला पंचांचं एकमत लागतं. नियम तुलाच पाठ आहेत ना?" फोन ठेवला.

मी घड्याळ बघितलं. आमच्या पाककृतीत साडेदहाला आम्लाचा वेग वाढतो आणि तापमान अठ्ठेचाळीसपर्यंत चढू देतात. पडद्यावरचे अठ्ठेचाळीस म्हणजे खरे सत्तावन्न. पंचावन्नच्या पुढे हे मिश्रण स्वतःच स्वतःला तापवायला लागतं. मग बाहेरून कितीही थंड ब्राइन, म्हणजे मिठाचं पाणी, फिरवा, पुरत नाही. दर मिनिटाला आधीच्या मिनिटापेक्षा जास्त उष्णता. शेवटी झाकण उडतं.

दहाला आठ कमी होते.

तीन नंबरच्या प्लॅटफॉर्मवर बाबा कठड्याला टेकून उभे होते. कपाळावर कालचं कुंकू अजून पुसट होतं.

"मॅडम आल्या," ते कठड्याला म्हणाले.

"बाबा, काल पूजेत हे तिघं कुठे होते?"

"इथं बाबा कुणी नाही. ऑपरेटर म्हण. लेखी विचार, लेखी उत्तर देतो. मग तू खाली निराधार लिही."

"पूजा कशी मांडली होती, तेवढंच सांगा."

"आता पूजेतही खोट काढणार? एकतीस वर्षं मांडतोय. पाऱ्याचा थर्मामीटर होता तेव्हापासून. तेव्हा तुझं इन्स्ट्रुमेंट पाळण्यात होतं."

"बाबा, खाली साठ मुलं आहेत."

ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले.  मग बोलले, शब्द दातांतून सोडत.

"वर्कशॉपात पाट मांडला. तिघांना बाहेर काढलं, पुसलं, कुंकू लावलं. दोघं पाटावर, निरांजनाच्या दोन बाजूंना."

"आणि तिसरा?"

"कलशात. मानाची जागा. तीन-अ सगळ्यांत जुना, त्याला कलशात उभा करतो. तांब्याचा कलश, आंब्याची पानं."

"पाणी कुठलं?"

"नळाला गंज येतो. कूलरचं घेतलं."

मला सगळं एकदम दिसलं.

लॅबमध्ये पंचांना दुरुस्त करतात तेव्हा ढवळत्या तेलाच्या टाकीत एकत्र उभे करतात. सगळे हातभर अंतरात, तासभर हालचाल नाही, असं झालं की ते समजतात, आपण टाकीत आहोत, म्हणजे आपलं तापमान एकच असणार. मग ज्याची कारकीर्द सगळ्यात स्वच्छ, आमच्यात तीन-अ, त्याचा आकडा बाकीचे मानतात. पाटावर ते हातभर अंतरातच होते. आरती, प्रसाद, भाषणं, तासभर कुणी हललं नाही. कलशातला पंचवीस अंश सांगत होता, कारण कूलरचं पाणी पंचवीसच होतं. निरांजनाशेजारचे चौतीस सांगत होते, कारण तिथे खरंच चौतीस होते. तिघंही खरं बोलत होते. पण दोघांना वाटलं, आपण नऊनं चुकतोय. ज्यांनी ही रीत लिहिली त्यांच्या गावी तापमापकाला कुणी कुंकू लावत नसावं.

सकाळी तिघं रिॲक्टरमध्ये परत गेले. कलशातला तेवढा शाबूत होता. त्यानं एक्कावन्न सांगितले. दोघांनी बेचाळीस. बहुमत झालं आणि त्यानं मान खाली घातली.

मी हे बाबांना चार वाक्यांत सांगितलं.  त्यांनी रिॲक्टरच्या काचेकडे बोट केलं.

"सात वाजल्यापासून धूर तांबूस आहे."

मी काचेतून बघितलं. मिश्रणावरची वाफ फिकट पिवळी असायला हवी. ती विटकरी होती.

"सात वाजल्यापासून? मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू?" त्यांचा आवाज चढला. "तुला? तिसरी शंका होती माझी. तू आली असतीस, तिघांचं एकमत बघितलं असतंस, निराधार लिहिलं असतंस. लिहिलं असतंस की नाही? खरं सांग."

लिहिलं असतं. 

दहा वाजून चार मिनिटं. डंप करायला दोन कार्डं लागतात, ऑपरेटरचं आणि टेक्निशियनचं. दोन्ही लागली की तळाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळी बॅच खालच्या पाण्याच्या मोठ्या टाकीत जाते. बॅच गेली, आणि दोन्ही कार्डांवर एकेक शंका.

बाबांनी आपलं कार्ड गळ्यातून काढलं. "तू खाली जा. पोरीला उचल आणि वसाहतीबाहेर पड. धावत गेलीस तर चार मिनिटं."

"एका कार्डानं डंप होत नाही."

"मला शिकवू नको. माहीत आहे."

खोटं कशाला सांगू, पाय जिन्याकडे वळले होते. दुर्वाचं डोकं माझ्या गळ्याशी बरोबर कुठे बसतं, ते मला तिथे उभ्या उभ्या जाणवलं. पण माझ्या दोन हातांत एकच मूल मावतं. मी कार्ड काढून खाचेत घातलं.

"घाला," मी म्हटलं.

"नोकरी जाईल. माझी तर जाऊ दे, दोन महिने उरलेत. तुझी जाईल."

"बाबा, घाला!"

त्यांनी घातलं. खालून एक जाड आवाज आला, कुणीतरी खोल विहिरीत दगडांची रास लोटल्यासारखा. भोंगा वाजला. टाकीवर वाफेचा ढग उठला आणि दोन मिनिटांत विरला. पाणी कोमट झालं. बस. आणखी काहीच झालं नाही. यालाच डंप यशस्वी झाला म्हणतात.

सबनीस आले तेव्हा पडद्यावर निकाल लागला होता: 'डंपपूर्व तापमान ४२. स्थिती सामान्य. मानवी हस्तक्षेप निराधार. कार्डे रद्द.'

"सणाच्या दिवशी!" सबनीसांचा चेहरा लाल झाला होता. "सासरा-सुनेनं घरचं भांडण माझ्या रिॲक्टरवर काढलं. झालं समाधान?"

"सर, तीन-ब बर्फात धरा. उणे नऊ दाखवेल."

"पंचांना बर्फात? आधी तू बाहेर हो."

"पूजेत चूक झाली, साहेब," बाबा म्हणाले. "कलशात—"

"पूजेमुळे? हे मी वर लिहून पाठवू? थर्मामीटरला पूजा बाधली?" ते हसले आणि सिक्युरिटीला म्हणाले, "यांना गेटपर्यंत सोडा. डबे तपासून."

डबे खरंच तपासले. बाबांच्या डब्यातली खांडवी सुरक्षारक्षकानं चमच्यानं उलटून बघितली. एकतीस वर्षं त्यांना सलाम ठोकणारा माणूस.

गेटवर मोबाइल परत मिळाले. रस्त्यापलीकडे पाळणाघराचं निळं छप्पर दिसत होतं.  मी म्हटलं, "मी दुर्वाला घेऊन येते." बाबा हलले नाहीत. ते छप्पर ओलांडून पलीकडे बघत होते, जिथे आणखी सात कारखान्यांच्या चिमण्या होत्या, आणि सगळ्यांच्या गेटवर आमच्यासारखेच झेंडूचे हार.

"पंच सगळ्यांकडे आहेत?" त्यांनी विचारलं. छपराला विचारलं.

"सगळ्यांकडे."

"पाट पण सगळ्यांकडे."

मला वाटलं होतं, संपलं.

ते गेटशेजारच्या कठड्यावर बसले आणि फोन लावायला लागले. वसाहतीतला प्रत्येक जुना ऑपरेटर कधी ना कधी त्यांच्या हाताखाली शिकलेला. पहिला भालेकर, त्याच्या कंट्रोल रूमच्या लँडलाइनवर. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण त्यांना कमी ऐकू येतं.

"भालेकर, काल कलशात कुठला पंच ठेवला होतास?"

"खेतलेकाका, सकाळीच घेतली काय?" मागे दोघं-तिघं खिदळले. "सोनं द्यायचं सोडून हे काय!"

"मेल्या, हसू नको. पाणी गार होतं की नळाचं?"

"गार. का?"

बाबांनी सांगितलं. भालेकर म्हणाला बघतो, आणि ठेवला. दुसऱ्याकडे कलशात नुसता नारळ होता, त्यानं वेळ खाल्ला म्हणून शिवी दिली. तिसरा म्हणाला, सुनेनं काढून टाकलं वाटतं कामावरून, म्हणून आता सगळ्यांच्या बॅचेस घालवताय का. चौथ्यानं उचललाच नाही, तर बाबांनी त्याच्या बायकोला लावला. मग भालेकरच्या बाजूनं भोंगा वाजला. लांब, एकसारखा, डंपचा. बाबांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले.

शेवटी राहिला वाडकर. त्याचा कारखाना पाळणाघराच्या बरोबर पाठीमागे. मधोमध म्हणतात, पण वारा सकाळी त्याच्याकडूनच येतो. वाडकर आणि बाबा नऊ वर्षं बोलत नव्हते. एका गळतीच्या चौकशीत बाबांनी त्याच्याविरुद्ध सांगितलं होतं.

"वाडकर, मी खेतले."

"बोल."

"तुझा कलश—"

"ऐकलं. भालेकरनं सांगितलं." मागे पंपाची घरघर. कंट्रोल रूममधून तो लँडलाइनवर बोलत होता. "तू चुकलास, असं म्हण आधी. माझी पोरं इथं उभी आहेत. स्पीकर लावलाय. म्हण."

वाडकरची पाककृतीही आमचीच, आणि साडेदहाला तीन मिनिटं कमी. बाबांच्या जबड्याची शीर उडताना मला दिसली. या माणसानं मीठ कमी पडलं तरी स्वतःची चूक कधी मान्य केली नव्हती.

"मी चुकलो," ते म्हणाले. "पूजा मी मांडली. कलशात तापमापक मी उभा केला. सकाळी सातला धूर तांबूस दिसला, मी भ्यालो आणि गप्प बसलो. माझ्या बॅचला काही झालं असतं तर ते माझ्यामुळं. आता तुझी बघ."

पलीकडे पंप नुसता घरघरत राहिला.

"तुझ्या शब्दावर नाही करणार मी डंप," वाडकर म्हणाला. "सून आहे ना तिथं? तिला दे."

बाबांनी फोन माझ्यापुढे धरला. हात स्थिर होता.

"वाडकरकाका, पूजा किती वाजता झाली?"

"अकराला."

"कालच्या नोंदीत अकराच्या पुढच्या तासात दुरुस्ती आहे का बघा. दोन पंचांना, एकाच मिनिटाला."

कीबोर्डच्या कळा टकटकल्या. मग वाडकरचाच आवाज, पण लहान झालेला. "अकरा पन्नास. दोघांना. उणे सात."

"आज सकाळी तिसऱ्याला मतदानात पाडलंय का?"

तो उत्तर न देता गेला. रिसीव्हर टेबलावर तसाच पडलेला, आम्हाला धावणाऱ्या बुटांचे आवाज ऐकू आले, कुणीतरी ओरडलं, "माझं कार्ड कुठाय, कार्ड!" मी छपराकडे बघत उभी होते. अंगणात मावशी मुलांना आपट्याची पानं वाटत होत्या. एक, दोन, कितीतरी वेळ. मग त्यांच्या मागून भोंगा वाजला, आणि मावशींनी दचकून सगळ्यात जवळचं मूल छातीशी धरलं.

मी धावले. ते दुर्वा नव्हतं. दुर्वा आत चटईवर झोपली होती, मुठीत पान चुरगळलेलं. तिला उचललं तर जागी न होताच तिनं आपली जागा शोधली, माझ्या गळ्याशी.

गेटवर परत आले तेव्हा सात कारखान्यांतले तीन डंप झाले होते. तिन्ही ठिकाणच्या पडद्यांवर 'निराधार' लिहून आलं असणार. सहा माणसांच्या कार्डांवर शंका चढली, त्यातल्या दोघांची तिसरी, म्हणजे कार्डंच गेली, आणि ते दोघं फोन करून बाबांना मनसोक्त शिव्या देत होते. बाबांनी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं. मग फोन बंद करून माझ्याकडे बघितलं. दुर्वाकडे नाही, माझ्याकडे.

"घाटावर पण दसरा आहे," ते म्हणाले. "खाडीपलीकडं पण. तिकडं माझ्या ओळखीचं कुणी नाही. तुझं कोण आहे गो?"

माझ्या आयटीआयच्या वर्गात एकतीस जण होते, बरेचसे आता अशाच कारखान्यांत. त्यातल्या कितीजणांचे नंबर अजून चालू असतील, कोण जाणे. मी कठड्यावर बसले, दुर्वाला एका खांद्यावर घेतलं आणि पहिला नंबर लावला. तिनं उचलला. मी पूजेचं विचारताच ती खळखळून हसली, आणि जवळच्या कुणाला तरी म्हणाली, "अरे, ऐका, ऐका ही काय म्हणत्ये."

"ऐकू दे सगळ्यांना," मी म्हटलं. "स्पीकर लाव."